वाचकांचे प्रश्न : 'द प्रिझनर', पांढरा फुगा आणि दाढीचा घोळ

या वेळचे सगळे प्रश्न एकाच मालिकेवरचे आहेत. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. एक ब्रिटिश गुप्तहेर तडकाफडकी राजीनामा देतो, घरी येऊन सामान भरायला घेतो, खोलीत गॅस सुटतो आणि तो बेशुद्ध पडतो. जाग येते ती 'व्हिलेज' नावाच्या एका गोंडस, रंगीत गावात. इथे कुणाला नाव नाही, प्रत्येकाला आकडा. हा नंबर सिक्स. राजीनामा का दिलास, हे काढून घ्यायला बहुतेक भागांत नवा नंबर टू, म्हणजे गावचा कारभारी, येतो. पळायला गेलं की रोव्हर नावाचा मोठा पांढरा गोळा मागे लागतो. पॅट्रिक मॅकगूहन नायकही आणि कार्यकारी निर्माताही. पर्व एकच, भाग १७, प्रत्येकी सुमारे ५० मिनिटं. ब्रिटनमध्ये पहिलं प्रक्षेपण २९ सप्टेंबर १९६७ ला सुरू झालं. शेवटच्या उत्तरात मालिकेचा शेवट उघड केला आहे. ज्यांना तो कळायला नको त्यांनी तिथे थांबावं.

भाग कोणत्या क्रमाने पाहावेत? इंटरनेटवर चार याद्या मिळाल्या, चारही वेगळ्या.
– एक वाचक, सांगली

चारही बरोबर असू शकतात, कारण मुळात दोन क्रम आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एक चित्रीकरणाचा, दुसरा प्रक्षेपणाचा. 'फ्री फॉर ऑल' दुसरा चित्रित झाला आणि चौथा दाखवला गेला. 'चेकमेट' तिसरा चित्रित झाला, दाखवला नववा. 'डान्स ऑफ द डेड' चौथा, दाखवला आठवा. सगळ्यांत मोठी उडी 'वन्स अपॉन अ टाइम'ची. सहावा चित्रित झालेला हा भाग राखून ठेवला आणि सोळावा दाखवला.

प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहिलं तर खटकतं कुठे? 'डान्स ऑफ द डेड'मध्ये नंबर सिक्स स्वतःच सांगतो की मी इथे नवा आहे. आठव्या आठवड्यात हे ऐकताना माणूस बुचकळ्यात पडतो. उलट दुसऱ्या क्रमांकाला दाखवलेल्या 'द चाइम्स ऑफ बिग बेन'मध्ये तो चांगला मुरलेला आहे. नव्याने आलेली नादिया गोंधळलेली आणि हा तिच्याकडे जुन्या भाडेकरूच्या नजरेने बघतोय. दुसरी खूण 'ए. बी. अँड सी.' आणि 'द जनरल' या जोडीत सापडते. दोन्हींत नंबर टू एकच, कॉलिन गॉर्डन. बाकीच्या बहुतेक भागांत सुरुवातीच्या संवादात 'मी नवा नंबर टू' असं येतं. 'ए. बी. अँड सी.'मध्ये 'नवा' हा शब्द गाळलाय. शिवाय त्या भागाच्या अखेरीस बिचाऱ्याची अवस्था अशी होते की त्यानंतर कुणी त्याला पुन्हा खुर्चीवर बसवील असं वाटत नाही. तेव्हा 'द जनरल' आधी बघा.

आमचा क्रम असा: 'अरायव्हल', 'डान्स ऑफ द डेड', 'फ्री फॉर ऑल', 'चेकमेट', 'द चाइम्स ऑफ बिग बेन', 'द स्किझॉइड मॅन', 'द जनरल', 'ए. बी. अँड सी.', 'मेनी हॅपी रिटर्न्स', 'अ चेंज ऑफ माइंड', 'इट्स युअर फ्युनरल', 'हॅमर इन्टू अ‍ॅन्व्हिल'. त्यानंतरचे पाच प्रक्षेपणाच्याच क्रमाने: 'डू नॉट फोरसेक मी ओ माय डार्लिंग', 'लिव्हिंग इन हार्मनी', 'द गर्ल हू वॉज डेथ', 'वन्स अपॉन अ टाइम', 'फॉल आउट'. मधली खुंटी म्हणजे 'मेनी हॅपी रिटर्न्स'. त्यात तो तराफ्यावरून निघून लंडन गाठतो आणि तरीही व्हिलेजमध्येच परत येऊन पडतो. तिथपर्यंत त्याचं डोकं पळण्यात आहे. त्यानंतर तो तिथल्या तिथे राहून उलटे डाव टाकतो, आणि 'हॅमर इन्टू अ‍ॅन्व्हिल'मध्ये तर नंबर टूलाच वेडापिसा करून सोडतो.

चौदा तास काढणं शक्य नसेल तर मॅकगूहनच्या मते खरे लागणारे सातच: 'अरायव्हल', 'फ्री फॉर ऑल', 'डान्स ऑफ द डेड', 'चेकमेट', 'द चाइम्स ऑफ बिग बेन', 'वन्स अपॉन अ टाइम' आणि 'फॉल आउट'. आम्ही त्यात 'हॅमर इन्टू अ‍ॅन्व्हिल' घुसडू, मग मॅकगूहन काही म्हणो.

तेराव्या भागात नायकच गायब आहे. दुसराच नट नंबर सिक्स म्हणून वावरतो. यामागे काय अर्थ दडला आहे?
– एक वाचक, नागपूर

अर्थ असा की मॅकगूहन त्या वेळी 'आइस स्टेशन झीब्रा' या चित्रपटाच्या कामासाठी अमेरिकेत होता आणि इथे स्टुडिओ रिकामा ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका माणसाचं मन दुसऱ्याच्या शरीरात घालणारं यंत्र कथेत आणलं आणि जवळजवळ पूर्ण भाग नायजेल स्टॉक या नटाने निभावला. मॅकगूहनची हजेरी थोडकी आहे.

'लिव्हिंग इन हार्मनी' नेहमीच्या शीर्षकांऐवजी सरळ काउबॉयपटासारखा का सुरू होतो आणि 'द गर्ल हू वॉज डेथ' म्हणजे हेरकथांची टिंगल का वाटते, याचं उत्तरही याच्याच आसपास आहे. पहिले १३ भाग एका दमात झाले. कथा-संपादक जॉर्ज मार्कस्टीन त्यानंतर बाहेर पडला. (सुरुवातीच्या शीर्षकांत ज्याच्या टेबलावर मुठी आपटून राजीनामा दिला जातो, तो टकला गृहस्थ म्हणजे हाच मार्कस्टीन.) उरलेले चार भाग वेगळ्या घाईत, वेगळ्या मनःस्थितीत झाले. 'द गर्ल हू वॉज डेथ'ची कल्पना तर मॅकगूहनच्या आधीच्या 'डेंजर मॅन' मालिकेसाठी सुचलेली होती. त्याची सुरुवात मात्र चुकवू नका: गावातला क्रिकेट सामना, शतकाच्या उंबरठ्यावरचा कर्नल आणि बदललेला चेंडू. तो चेंडू फुटतो, अक्षरशः.

'लिव्हिंग इन हार्मनी' अमेरिकेत पहिल्या फेरीत दाखवलाच नाही. कारणं दोन सांगतात. एक, त्यात भ्रम निर्माण करणारी औषधं आहेत. दुसरं, व्हिएतनामच्या दिवसांत बंदूक हाती घ्यायला नकार देणारा नायक वाहिनीला नको होता.

कॉलेजच्या लघुपटासाठी रोव्हरसारखा गोळा समुद्रकिनाऱ्यावर दाखवायचा आहे. कसा करावा? संगणकावर करायचा नाही.
– एक वाचक, रत्नागिरी

मूळ रोव्हर फुगा नव्हताच. गो-कार्टच्या सांगाड्यावर घुमटाकार कवच बसवून, वर दिवा लावून एक गाडी तयार केली होती. लोकेशनवर ती चालेना. मग आकाशात दिसलेल्या हवामानाच्या फुग्यावरून कल्पना निघाली, आणि अडचणीतून सुचलेलीच गोष्ट मालिकेची ओळख ठरली. चाकं असलेली पेटी कुणाच्या स्वप्नात आली असती का?

आता तुमचं काम. हवामानाचे फुगे रबराच्या वजनावरून ओळखतात. ३५० ग्रॅमचा घ्या. तो जमिनीवर २ मीटर व्यासापर्यंत फुगवायला हरकत नाही, कारण उंचावर गेल्यावर त्याहून कितीतरी मोठा होण्यासाठीच तो बनवलेला असतो. २ मीटर व्यासाच्या गोळ्यात सुमारे ४.२ घनमीटर वायू मावतो. आपल्याकडच्या तापमानाला १ घनमीटर हीलियम साधारण १ किलो उचलतो. म्हणजे पूर्ण हीलियम भरलात तर ४ किलोच्या आसपास ओढ लागेल आणि गोळा रत्नागिरीचा निरोप घेईल. नुसती हवा भरलीत तर तो जमिनीवर बसकण मारेल आणि ढकलल्यावर भोपळ्यासारखा डुलेल. हवा तो सावकाश उसळणारा, तरंगल्यासारखा चाललेला गोळा. त्यासाठी दोन्ही वायू मिसळा.

प्रमाण मोजायची सोपी युक्ती: रिकामा फुगा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ३५० ग्रॅम दिसतील. आता काट्यावर असतानाच हळूहळू हीलियम सोडा. आकडा १०० वर आला की थांबा. साधारण पाव घनमीटर गेलेला असेल. उरलेली जागा व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडाने साध्या हवेने भरा. हवेने वजनात विशेष फरक पडत नाही. रबराच्या ताणामुळे आतली हवा जराशी दाबली जाते, तेवढे काही ग्रॅम वाढतात. गोळा पुढे जड वाटला तर हीलियम किंचित वाढवा. हायड्रोजन स्वस्त म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. तो पेट घेतो, आणि चित्रीकरणाला दिवे, वायरी, विड्या सगळंच असतं.

बिघडतं ते असं. खोबरेल लागलेल्या हातांनी फुगा धरला की रबर कमकुवत होतं. सुती हातमोजे घाला. घडी उघडण्याआधी शंखजिऱ्याची पूड शिंपडा, नाहीतर पदर एकमेकांना चिकटून फाटतात. तोंड बारीक दोऱ्याने आवळू नका, तो रबर कापतो. रुंद सुती पट्टी गुंडाळून मग बांधा. फुगवलेला फुगा उन्हात तासभर ठेवलात तर रबर थकतं आणि आतली हवा तापून ताण वाढतो, तो वेगळाच. किनाऱ्यावरचे शिंपले आणि केवड्याचे काटे हे आणखी दोन शत्रू. एका दिवसाच्या कामाला तीन फुगे जवळ असू द्या. मूळ मालिकेतही फुगे सारखे फुटतच होते.

सगळ्यांत मोठा त्रास वाऱ्याचा. २ मीटरच्या गोळ्याची वाऱ्यासमोरची बाजू ३ चौरस मीटरहून जास्त भरते. ताशी १८ किलोमीटरचा वारा त्यावर दीड-दोन किलोचा जोर लावतो आणि तुमचा गोळा जेमतेम १०० ग्रॅम जड आहे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा चढतो, म्हणून सकाळ बरी. पण पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे विसरलात तर गोळा बोटीने आणावा लागेल. तंगूस बांधल्याशिवाय तो क्षणभरही मोकळा सोडू नका. राखाडी आकाशापुढे पातळ तंगूस कॅमेऱ्यात दिसत नाही, मात्र सूर्य समोर असला की चमकतो.

पाठलागाचा शॉट उलटा घ्या. गोळा नटाच्या पाठीला टेकवून सुरुवात करा, तंगूस ओढून तो लांब न्या आणि नटाला त्याच वेळी मागे-मागे चालायला लावा. चित्रफीत उलटी चालवली की नट पुढे चालतोय आणि गोळा नेमका येऊन त्याच्यावर आदळतोय असं दिसेल. फक्त मागे लाटा दिसू देऊ नका. उलट्या लाटा समुद्राकडे परत चढताना दिसल्या की शेंबडं पोरही ओळखतं.

तोंडावर रबर चिकटून जीव गुदमरतो तो शॉट खऱ्या फुग्याने करायचा नाही. लाकडी चौकटीवर पातळ पांढरं रबर ताणा, नटाला मागून चेहरा दाबायला सांगा, कॅमेरा पुढे. तो मागून मोकळा असल्यामुळे हवं तेव्हा चेहरा मागे घेऊ शकतो. एका वेळी दहा सेकंद, त्याहून जास्त नाही, आणि रबराची अ‍ॅलर्जी आहे का हे आधी विचारा.

मालिकेची डिस्क परदेशातून मागवली, भारतात चालेल का? आणि टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात.
– एक वाचक, पणजी

डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये, ब्रिटन २ मध्ये, अमेरिका १ मध्ये. ब्ल्यू-रेसाठी भारत सी, ब्रिटन बी, अमेरिका ए. म्हणजे विभागाचं कुलूप असलेली कुठलीही परदेशी डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर अडणार. खोक्याच्या मागचं चिन्ह पाहा. सर्व विभागांसाठीची असेल किंवा तुमचा प्लेअर बहुविभागी असेल तर प्रश्न नाही. मागवताना वर्षही तपासा. याच नावाची सहा भागांची नवी आवृत्ती २००९ मध्ये आली आणि शोधताना बरेचदा तीच पुढे येते. ती वेगळी, नामिबियात चित्रित झालेली. आमच्या मते सोडून दिलीत तरी चालेल.

काळे पट्टे असू द्या. चित्र ४:३ मापात घेतलेलं आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ते १४४० ठिपके रुंद बसतं, दोन्ही बाजूंना २४० उरतात. 'झूम' दाबलंत तर वरचा-खालचा मिळून चौथा हिस्सा कापला जातो. ओढून रुंद केलंत तर नंबर टूची ती गोल खुर्ची लंबगोल दिसेल. मूळ चित्रीकरण ३५ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर आहे, त्यामुळे ब्ल्यू-रेवर छत्र्यांचे पट्टे आणि अंगरख्यांचे रंग खुलून दिसतात. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर रंगीत प्रक्षेपण १९६९ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. तिथल्या पहिल्या प्रेक्षकांनी हे सगळं कृष्णधवलच पाहिलं.

आम्ही बर्मिंगहॅमला असतो. व्हिलेज खरं कुठे आहे, रेल्वेने जाता येतं का?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर वेल्समधलं पोर्टमेरियन. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुकाराने १९२५ पासून पुढे अर्धशतकभर हौसेने वसवलेलं. मॅकगूहनला ते आधीच ठाऊक होतं, कारण 'डेंजर मॅन'मध्ये तेच इटली म्हणून खपवलं होतं. 'द प्रिझनर'मध्ये जागेचं नाव शेवटच्या भागापर्यंत झाकून ठेवलं.

बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटवरून केंब्रियन मार्गाची गाडी धरा. माखन्लेथला या गाडीचे दोन तुकडे होतात: एक अ‍ॅबरिस्टविथला जातो, दुसरा किनाऱ्याने पुल्हेलीकडे. तुम्हाला पुल्हेलीच्या डब्यात बसायचंय. दार उघडायच्या आधी फलक वाचा, उद्घोषणा ऐका. चुकीच्या डब्यात डुलकी लागली तर अर्धा दिवस गेला. मिन्फोर्थला उतरा. तिथून चालत सुमारे एक मैल, वीस मिनिटं. एकूण प्रवास चार तासांच्या आसपास, गाड्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आधी बघा किंवा मुक्कामच करा.

नंबर सिक्सचं घर बघून हिरमोड होऊ देऊ नका. ते बाहेरून एवढंसं आहे, कारण आतला ऐसपैस दिवाणखाना बोरेमवुडच्या एमजीएम स्टुडिओत उभारलेला होता. हिरव्या घुमटाच्या इमारतीतलं नंबर टूचं दालनही तसंच. मात्र वृद्धाश्रम म्हणून दाखवलेलं हॉटेल, घंटाघर आणि धक्क्याला बांधकामातच घडवलेली ती दगडी नाव जशीच्या तशी सापडेल. पळापळीचा वाळूचा पट्टा म्हणजे डुइरिड नदीची खाडी. ओहोटीला ती कोरडी दिसते आणि पाय शिवशिवतात. पण भरती झपाट्याने फिरते आणि वाळू मधूनच रुतवते. भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय लांब जाऊ नका.

व्हिलेजच्या पाट्यांचं अक्षर कोणतं? मराठी पाटी त्याच वळणात करायची आहे.
– एक वाचक, पुणे

अल्बर्टस. बर्टोल्ड वोल्पे यांनी १९३० च्या दशकात घडवलेला टंक. मालिकेसाठी त्यात दोन फेरफार केले: 'आय' आणि 'जे' यांच्या डोक्यावरचे ठिपके उडवले आणि 'ई' गोलसर केला. वोल्पे मूळचे धातूवर अक्षर कोरणारे, म्हणून रेघ टोकाकडे किंचित रुंदावते आणि छिन्नीने तोडल्यासारखी संपते. देवनागरीत शिरोरेघेची आणि काने-वेलांट्यांची टोकं तशी तोडा. अनुस्वार मात्र उडवू नका, नाहीतर 'गंध'चा 'गध' होईल.

नंबर सिक्स म्हणजे 'डेंजर मॅन'मधला जॉन ड्रेकच ना?
– एक वाचक, ठाणे

मार्कस्टीन म्हणायचा हो, मॅकगूहन म्हणायचा नाही. ड्रेक हे पात्र राल्फ स्मार्ट यांचं. ते वापरायचं तर त्यांचा हक्क मान्य करावा लागला असता, हेही लक्षात घ्या.

शेवटच्या भागात दाढीवाला नंबर टू अचानक तुळतुळीत कसा होतो? आणि नंबर वन कोण?
– एक वाचक, कोल्हापूर

दाढीचं आधी. लिओ मॅककर्नने 'वन्स अपॉन अ टाइम' केला तो सहावा भाग म्हणून. त्याचा पुढचा दुवा, 'फॉल आउट', सगळ्यांच्या शेवटी झाला. मधल्या काळात त्याचे केस-दाढी गेलेले. कथेत तर एका भागाच्या अखेरीला तो मरतो आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला त्याला जिवंत करतात, मध्ये काही तासही नाहीत. मग काय, जिवंत करतानाच त्याची हजामत केलेली दाखवली. अनेकांनी त्यात पुनर्जन्म, शुद्धी असलं बरंच काही वाचलंय.

नंबर वनच्या तोंडावरचा मुखवटा नंबर सिक्स ओढतो. खाली माकडाचा मुखवटा, तोही ओढला की स्वतःचाच खिदळणारा चेहरा. सुरुवातीच्या संवादात 'नंबर वन कोण?' या प्रश्नाला दर वेळी जे इंग्रजी उत्तर मिळतं, त्यात एक स्वल्पविराम कल्पिला तर 'तू नंबर सिक्स आहेस' याचं 'तूच आहेस, नंबर सिक्स' होतं, असं चाहते दाखवतात. छान आहे. पण ते पहिल्यापासून ठरवलेलं होतं यावर आमचा विश्वास नाही. पहिल्या १३ भागांची घडी मार्कस्टीनच्या हाताखाली बसली. शेवट मॅकगूहनने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला, तोही मार्कस्टीन निघून गेल्यावर.

त्यापेक्षा शेवटची दोन मिनिटं पुन्हा पाहा. नंबर सिक्स लंडनला घरी पोचतो, आपल्या गाडीत बसून निघून जातो. मागे राहिलेला बुटका बटलर पायऱ्या चढून दारापाशी येतो. दार आपोआप उघडतं, व्हिलेजमधल्या घरांची दारं उघडायची अगदी तसंच. दारावर आकडा आहे १.